दहा वाजता उठणारे हात

आमच्या प्रयोगशाळेने माणसाच्या मानेत बसवायचं एक यंत्र बनवायला घेतलं होतं, आणि त्याचा सगळ्यात नाजूक भाग मी कढीतून खाल्ला. गिळला नाही, नुसता चावला. पण नाजूक भागाला तेवढं पुरलं.

झालं असं, की ती कॉइल दुसऱ्या दिवशी सकाळी थेट पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची होती. केसाहून बारीक तांब्याच्या तारेची, मेथीच्या दाण्याहून जराशी मोठी गुंडाळी. निघताना तिच्या डबीचं झाकण तुटलं. घरी आल्यावर मी इंजिनिअरच्या डोक्याने विचार केला, की घरात सगळ्यात घट्ट झाकणाचं भांडं कोणतं? फोडणीचा डबा. त्यातल्या एका वाटीत तळाशी चारच दाणे होते. तिच्यात मी कॉइल अलगद ठेवली, बायकोला सांगायचं असं मनाशी ठरवलं आणि बातम्या बघत बसलो. ती वाटी मेथीची होती आणि त्या संध्याकाळी कढी होती.

"खडा आला का रे?" मी जबडा धरून बसलेला पाहून बायकोने विचारलं.

"खडा नाही," मी म्हणालो, "तीन वर्षांचं काम आलं."

नवी कॉइल मागवली तर दोन महिने लागणार होते. मेंढीवरची शस्त्रक्रिया बारा दिवसांवर होती. आमच्या प्रमुख मॅडमनी कॅलेंडरवर शस्त्रक्रियेच्या तारखेभोवती लाल गोल केला आणि ते माझ्या टेबलावर ठेवलं. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मार्ग सुचवला तो बायकोने. ती जन्माची पुणेकर. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या गावी, डोणगावला, आली तेव्हा ओसरीवरचं बोलणं ऐकून तिला वाटलं भांडण चाललंय, आणि ती आत जाऊन बसली. पण एक माणूस तिच्या पक्का लक्षात राहिला होता. ती म्हणाली, "तुमच्या गावचे ते चाचा नाहीत का? आपल्या पूजेच्या दिवशी पंखा बंद पडला, तर वास घेऊन सांगितलं काय बिघडलंय ते. ते करतात ना तारांचं काम?"

चाचा तारांचंच काम करायचे. मेहकर रस्त्याला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेली मोटर आली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि द्यायची. पण त्याआधी ते मोटर नाकाशी धरत. मीटर वगैरे नंतर. डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि सांगत, "व्होल्टेज कमी व्हतं." किंवा, "बेअरिंग जाम व्हती, तुमी तशीच दामटली." मी शाळकरी असताना त्यांच्या दुकानात बसून जळक्या मोटरी हुंगायला शिकत होतो. मला सगळ्यांचा वास सारखाच यायचा. चाचा म्हणायचे, "सुध्या, तुह्या नाकात मास्तरचा खडू भरला हाय." माझे वडील शाळेत मास्तर होते, त्यामुळे माझ्या प्रत्येक उणिवेचं खापर खडूवर फुटत असे.

एक वास मात्र मलाही ओळखू यायला लागला. पाण्यातली मोटर पाण्याशिवाय चालली की जळते, तिचा. तो आला की समजायचं, विहीर आटली. कपाशीचं ते नवं बियाणं गावोगाव आलं त्या वर्षांत हा वास दुकानात फार यायला लागला. बियाण्यातच अळीचा बंदोबस्त केलेला, बोंडं भरपूर, पण पाण्याची हाव मोठी. ज्याने त्याने मोटरी बसवल्या आणि विहिरींचे तळ उघडे पडले. विहीर आटल्याचं माणूस चारचौघांत सांगत नाही. पोरीची सोयरीक चाललेली असते, बाजारात पत असते. साखरखेर्ड्याहून एकजण मोटर घेऊन आला, दुकानात दहा माणसं बसलेली. चाचांनी मोटर हुंगली. त्या माणसाचा चेहरा पडला. मला वास आला होता, मी हुशारी दाखवायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचांनी पान्याची मूठ माझ्या गुडघ्यावर हाणली आणि मोठ्याने म्हणाले, "कंपनीनं मालच खराब देल्ला बुवा तुमाले. तुमची काई गलती नाई." तो माणूस गेल्यावर मी गुडघा चोळत विचारलं, "चाचा, तुम्ही खोटं काऊन बोलले?"

"मी मोटर दुरुस्त करतो बे," चाचा म्हणाले. "मानसाचा बोर्ड नाई लावत चौकात."

हे सगळं आठवत मी तारेची रीळ घेऊन डोणगावला गेलो. सकाळी आठला दुकानात पोचलो तर चाचा बाकड्यावर बसलेले, दोन्ही हात कोमट पाण्याच्या घमेल्यात. बोटांच्या पेरांवर सुपाऱ्या ठेवाव्यात तशी सूज. चाची बाजूला दुसऱ्या भांड्यात पाणी गरम करत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बैठ बेटा. तुहे चाचा उठते सहाले, त्यायचे हात उठते दहाले."

मला संधिवाताची माहिती नव्हती असं नाही. आमचं यंत्र संधिवातासाठीच होतं. त्याविषयी मी सभांमधून बोलत असे, पडद्यावर सुजलेल्या सांध्यांची चित्रं दाखवत असे, त्यावर टाळ्याही घेत असे. पण ज्या हातांनी मला सोल्डरिंग शिकवलं ते हात घमेल्यात पाहून मी आलो कशाला हेच विसरलो. चाचांनीच विचारलं, "काय आनलं? मोटर?"

मी रीळ दाखवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि हसायला लागले. "अबे, हे तार हाय का कोळ्याची लाळ?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. की आपल्या शरीराचे राखणदार असतात, ते रोगजंतूंशी लढतात. पण संधिवातात ते आपल्याच सांध्यांवर धावून जातात.

"म्हंजे आपलाच कुत्रा आपल्याच घरच्यावर भुकून राह्यला," चाचा म्हणाले.

"हो. तर मानेतून एक लांब नस पोटाकडे जाते. तिला विजेची हलकी टिचकी मारली की त्या राखणदारांना निरोप पोचतो, बस करा म्हणून."

"हाड म्हनाचं."

"हाड म्हणायचं. दिवसातून एखादं मिनिट. दिवसभर नाही."

चाचांना हे फार आवडलं. "अवं, ऐकलं का? मानसाच्या मानंतबी भारनियमन लावून राह्यले हे पुन्यावाले!" पण लगेच गंभीर होऊन त्यांनी खिशातून एक बोंड काढलं. त्यांची दोन एकर कपाशी होती. बोंड फोडून त्यांनी आतली गुलाबी अळी मला दाखवली, मजेत बसलेली. "हे पाह्य. बियातच दवा भरली हाय, अळी मरते म्हने. पैल्यांदा मरे. मंग अळी शिकली. आता तू मानसाच्या आतमंदी दवाखाना बसवून राह्यला. तुहा आजार नाई शिकनार कशावरून?"

पुण्यात मोठमोठ्या लोकांनी मला प्रश्न विचारले होते. हा कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "माहीत नाही चाचा."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "माहीत हाय म्हनला असता तर तार वापस देल्ली असती."

(पुढे हा प्रश्न मी मॅडमना सांगितला. त्यांनी तो प्रयोगाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावला. अजून आहे तिथे, उत्तराची जागा सोडून.)

दहा वाजता हात उठले. चाचांनी चाचींचं शिलाई मशीन ओढून घेतलं. त्याला बॉबिन भरायची जी छोटी चाकी असते तिच्यावर सुईचा तुकडा बसवला आणि त्यावर तार अडकवली. चाची मशीनचं मोठं चाक हाताने हळूहळू फिरवत, आणि चाचा करंगळीच्या नखाने तार इकडून तिकडे सरकवत. करंगळीच तेवढी सुजली नव्हती. तार पहिल्या दिवशी अकरा वेळा तुटली. दर वेळी चाचा तिला एक शिवी देत आणि चाची "पोरगा बसेल हाय" म्हणून त्यांना दटावत. पोरगा म्हणजे मी, वय पस्तीस, डोक्यावर केस मोजके.

बारानंतर बोटं पुन्हा आखडत, मग काम बंद. असे तीन दिवस गेले. मी मदत करायला गेलो आणि पहिल्याच झटक्यात तार तोडली, तेव्हा मला घमेल्याचं पाणी गरम करण्याच्या कामावर लावण्यात आलं. ते मात्र मी चांगलं केलं, असं चाची अजून सांगतात.

तिसऱ्या दिवशी तीन कॉइल तयार झाल्या. मी भिंगातून पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. कारखान्याच्या कॉइलमध्ये तार कशी, एकाला एक चिकटून, सरळ रांगेत असते. इथे ती तिरपी जाऊन तिरपी परत येत होती, मधे बारीक बारीक फटी. बाजेच्या विणीसारखी.

"चाचा, ही सरळ नाही भरली?"

"रेडिओच्या जमान्यात अशीच भरत व्हते," ते म्हणाले. "तार तारीले चिकटली का गरम व्हते. जरा हवा ठेवा लागते मधात. चाचीले पाह्य, चाळीस साल झाले, तिच्या बाजेपासून माही बाज दोन हात दूर हाय."

चाचींनी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

आता मी काय सांगावं! आमची जुनी कॉइल बाहेरून वीज भरताना तापत असे. तीन वर्षं आम्ही त्यावर डोकं आपटत होतो, कारण माणसाच्या मानेत तापलेली वस्तू चालत नाही. चाचांची तापली नाही. मॅडमनी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मला बाजूला करून मोजलं. मेंढी बरी राहिली, यंत्र चाललं. पुढे कॉइल अर्थातच यंत्रावर, स्वच्छ खोलीत तयार व्हायला लागल्या, पण तार भरायची रीत तीच ठेवली. आमच्या आराखड्यांवर तिला आजही 'डोणगाव' म्हणतात. बाहेरच्या देशातले पाहुणे तो शब्द अत्यंत आदराने, चुकीचा उच्चारतात.

चाचांनी मला दोनच कॉइल दिल्या होत्या. तिसरी त्यांनी कागदात गुंडाळून गल्ल्यातल्या एका इवल्याशा काचेच्या बाटलीत ठेवली. "हे माह्या नंबरची," ते म्हणाले. "माही मान तयार हाय. कधी बसवतं?"

"लवकरच, चाचा," मी म्हणालो.

हा 'लवकरच' मी पुढे चार वर्षं म्हणत राहिलो. मेंढीपासून माणसापर्यंतचा रस्ता किती लांब असतो हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. दर दिवाळीला मी जात असे तेव्हा हात एक तास उशिरा उठायला लागलेले असत. दहाचे अकरा, अकराचे बारा. गिऱ्हाईक पिंपळगाव राजाकडून यायचं थांबलं, मग मेहकरकडूनही. मोटर हुंगायला लोक अजून आणत, पण भरायला दुसरीकडे नेत. चाचा वास घेऊन फुकट सांगत आणि वर चहा पाजत.

एकदा मी त्यांना आमच्याच इमारतीतलं दुसरं काम सांगितलं. रोग्याच्या रक्तातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांना शांत राहायला शिकवायचं आणि परत त्याच माणसात सोडायच्या. ते अजून उंदरांपर्यंतच होतं. चाचा म्हणाले, "यात नवं काय? जुनी मोटर उघडली, बिघडेल तार काढली, ठीक केली, तिच्यातच भरली. मी जिंदगीभर तेच करून राह्यलो." मग हात पाहून म्हणाले, "पन उंदराचं आधी होऊ दे. त्याले जास्त गरज असन. आमच्या घरचे उंदीर पाह्य, कशे पळतात."

शेवटी माणसांवरच्या चाचणीला परवानगी मिळाली. मी चाचांना पुण्याला आणलं. बायकोने त्यांच्यासाठी खोली तयार केली, सकाळी गरम पाण्याचं घमेलं न सांगता आणून ठेवलं. चाचांनी काचेची बाटली बरोबर आणली होती. ती वापरता येणार नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. तपासणीत डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकले, ईसीजीची पट्टी काढली, पुन्हा ऐकले. ज्या नसेला आम्ही टिचकी मारतो तिचा एक फाटा हृदयाकडे जातो, आणि चाचांचं हृदय आधीच ताल चुकवत होतं. नियमात ते बसत नव्हते. नियम लिहिणाऱ्यांत मीच होतो.

मी बाहेर आलो. चाचा बाकावर बसले होते, बाटली मांडीवर. मी काहीतरी बोलायला गेलो, "चाचा, अजून एक तपासणी करू, मग लवकरच..." त्यांनी माझ्याकडे पाहून एक लांब श्वास घेतला, मोटर नाकाशी धरल्यावर घ्यायचे तसा.

"मोटर कोरडी पळाली ना?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"चाल मंग. भूक लागली."

त्या दिवशी माझ्या हातून गाडी चुकीच्या रस्त्याला दोनदा गेली. चाचांनी मला पुण्यावरून चिडवलं, पुलांवरून चिडवलं, माझ्या गाडी चालवण्यावरून चिडवलं. घरी आल्यावर बायकोने कढी केली होती. चाचांनी वाटीत चमचा फिरवून नीट पाहून घेतलं आणि मगच खाल्ली.

दोन महिन्यांनी मी डोणगावला गेलो तेव्हा एसटीतून सगळ्यांच्या शेवटी उतरलो. अख्ख्या गावाला माहीत होतं, की मास्तरचा पोरगा चाचांना यंत्र बसवायला घेऊन गेला आणि तसाच घेऊन आला. चहाच्या टपरीवर चारजणांनी मला घेरलंच. पण म्हणाले भलतंच. "तुमची मेहनत वाया घालवली ना बुवा चाचानं! तुमी इतके मांगं लागले, डाक्टर तयार व्हते, आन् हे म्हातारं ऐन टायमाले नाई म्हनलं. भेलं म्हने सुईले!"

मी दुकानात गेलो. चाचा बाकड्यावर, हात घमेल्यात. "चाचा, तुम्ही नाही म्हणालात असं सांगितलं गावात?"

"मंग काय सांगू?" ते चिडून म्हणाले. "तुह्या मशीनचं नाव अजून नवं हाय. उद्या इथली कोनी बाई तुह्याकडं येईन, तिचे हात सुजेल असतीन. चाचाले जमलं नाई म्हनलं तर थे येईन का? मी भेलो म्हनलं तर येईन. आन् मले काय, मले लोक तसेबी हसतातच."

अशी एक बाई खरंच आली, डोणगावच्याच पलीकडच्या वस्तीवरची, कपाशी वेचणारी. तिला यंत्र बसलं, चाचांच्या विणीची कॉइल असलेलं. काही महिन्यांनी तिने आमच्यासमोर पोळपाटावर पोळी लाटून दाखवली. मी तिथूनच दुकानात फोन लावला. चाचांनी बाकी काही विचारलं नाही. "मूठ वळते का तिची?"

"वळते, चाचा. घट्ट."

पलीकडे फोन बाकड्यावर टेकवल्याचं खट्ट झालं. मग चाचींचा आवाज ऐकू आला, "काय करून राह्यले तुमी?" आणि चाचांचा, "काई नाई. पाहून राह्यलो माही वळते का."

पावसाळ्याच्या शेवटी चाचा गेले. हृदयानेच नेलं. मी आणि बायको पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. दुकान बंद होतं, तरी दाराशी कोणीतरी एक मोटर आणून ठेवलेली होती, हुंगायला. चाचींनी मला काचेची बाटली दिली. "त्यायचा नंबर नाई लागला," त्या म्हणाल्या. "तू ठेव."

पुण्याला परत आल्यावर मी ती बाटली घेऊन घरभर फिरत होतो. लॅबच्या कपाटात ठेवावी तर तिथे चिकटपट्टी आणि अनुक्रमांक. देवघरात ठेवावी तर चाचाच हसले असते. बायको ओट्यापाशी उभी राहून माझी ही येरझार पाहत होती. शेवटी तिने माझ्या हातातून बाटली घेतली. फोडणीचा डबा उघडला, मेथीची वाटी रिकामी केली, पदराने पुसली आणि बाटली तिच्यात ठेवली.

"इथे राहू दे," ती म्हणाली. "ह्या डब्याला दिवसातून दोनदा माणसाचा हात लागतो, तुझ्या कपाटाला लागतो का? मेथीचं मी बघते."